मानसशास्त्र शिकायचंय? आधी हे माहीत असू द्या

बारावीनंतर मानसशास्त्र किंवा मानव विकास घेणाऱ्या मुलांची संख्या वाढते आहे. या पदवीतून काय मिळतं, काय मिळत नाही आणि प्रवेशाआधी कोणते प्रश्न विचारायला हवेत, हे मुलांनी आणि पालकांनी एकत्र बसून वाचावं असं.

बारावीचा निकाल लागला की घराघरांत चर्चा सुरू होते. मुलगी म्हणते, ‘‘मला सायकॉलॉजी घ्यायचंय.’’ आई विचारते, ‘‘म्हणजे वेड्यांची डॉक्टर होणार का?’’ बाबा विचारतात, ‘‘नोकरी मिळेल का?’’ एखादे काका थट्टेने म्हणतात, ‘‘मग सांग पाहू, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?’’

थट्टा सोडून दिली तरी आईबाबांचे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरं मुलीलाही बहुतेक वेळा ठाऊक नसतात. तिने एखादी वेबसीरिज पाहिलेली असते, इन्स्टाग्रामवर चिंता आणि नैराश्याबद्दलचे रील पाहिलेले असतात. मैत्रिणी तिच्याकडे मन मोकळं करतात, म्हणून आपण चांगलं समुपदेशन करू शकू असं तिला वाटतं. विषय उत्तमच आहे, पण तीन वर्षांनी पदवी हातात आल्यावर ‘आता मी लोकांवर उपचार करू शकते का?’ याचं उत्तर ‘नाही’ असं मिळतं, तेव्हा अनेक मुलं गोंधळून जातात. हे उत्तर प्रवेशाआधीच माहीत असेल, तर हीच तीन वर्षं फार कामाची ठरतात.

आधी तीन नावं वेगळी करू

सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. हे डॉक्टर असतात. एमबीबीएस झाल्यावर त्यांनी मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेलं असतं आणि ते औषधं लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्राच्या वाटेने आलेले असतात. ते चाचण्या घेतात, निदानात मदत करतात आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतात, पण औषधं देत नाहीत. समुपदेशक म्हणजे काउन्सेलर अभ्यास, नातेसंबंध, करिअर, शोक अशा प्रश्नांत माणसाला वाट शोधायला मदत करतात.

यातल्या कुठल्याही कामासाठी फक्त बी.ए. पुरत नाही. मग बी.ए.मध्ये शिकवतात तरी काय?

मन वाचायला नाही, तपासायला शिकवतात

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षी मुलांना धक्का बसतो तो आकडेमोडीचा. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सगळं शिकावं लागतं. गणितापासून सुटका व्हावी म्हणून कला शाखेत आलेल्यांची इथे पंचाईत होते.

पण हा भाग काढून टाकला तर मानसशास्त्र आणि भिंतीवरचे सुविचार यांत फरकच उरणार नाही. समजा, मोबाइल जास्त वापरणाऱ्या मुलांना कमी गुण मिळतात असं एखाद्या पाहणीत दिसलं. मग मोबाइलमुळेच गुण कमी झाले का? की अभ्यासात रस नसलेली मुलं मोबाइलकडे जास्त वळतात? की घरातल्या भांडणांमुळे दोन्ही घडतं? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे मानसशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या दोन वर्षांत शिकतो. व्हॉट्सअपवर रोज येणारं ‘संशोधन’ वाचतानाही हे शिक्षण उपयोगी पडतं.

प्रयोग हा दुसरा मोठा भाग. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हापासून मानसशास्त्र स्वतंत्र विज्ञान म्हणून उभं राहिलं असं मानतात. भारतात कोलकाता विद्यापीठात १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली या विषयाचा विभाग सुरू झाला आणि त्याच्या नावातही ‘प्रायोगिक’ हा शब्द होता. आजही पदवीला प्रॅक्टिकल असतं. एकाने प्रयोग करायचा, दुसऱ्याने प्रयुक्त व्हायचं, नोंदी घ्यायच्या, आलेख काढायचा आणि अहवाल लिहायचा.

यातला एक प्रयोग घरीही करता येतो. कागदावर हिरव्या स्केचपेनने ‘लाल’ लिहा, निळ्याने ‘पिवळा’, लाल रंगाने ‘हिरवा’. असे वीसेक शब्द झाले की घरातल्या कुणालाही सांगा, ‘‘शब्द वाचू नकोस, फक्त शाईचा रंग सांग.’’ चांगली शिकलेली माणसंही अडखळतात, कारण वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवता येत नाही. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग आजही जगभरच्या विद्यार्थ्यांकडून करून घेतला जातो. मजा म्हणजे, अजून वाचता न येणारं पण रंग ओळखणारं मूल यात अडखळत नाही!

याशिवाय शिकणं आणि विसरणं, भावना, व्यक्तिमत्त्व, गर्दीत माणूस वेगळा का वागतो, मनोविकारांची लक्षणं, बुद्धिमत्तेच्या चाचण्या कशा बनतात असे विषय असतात. मनोविकारांचा पेपर आला की बहुतेक विद्यार्थ्यांना एक ‘साथ’ लागते. प्रत्येक आजार स्वतःला किंवा घरातल्या कुणाला तरी झालाय असं वाटू लागतं. आजीला हा विकार, दादाला तो. चांगले शिक्षक अशा वेळी बजावतात की पुस्तकातली लक्षणं वाचून घरच्यांना लेबलं लावायची नसतात.

मानव विकास : मागे राहिलेलं भावंड

मानसशास्त्राला रांगा लागतात, पण त्याच्या शेजारच्या एका विषयाचं नावही अनेकांना ठाऊक नसतं. तो विषय म्हणजे मानव विकास, ह्यूमन डेव्हलपमेंट. हा बहुधा गृहविज्ञान महाविद्यालयांत शिकवला जातो. ‘गृहविज्ञान’ म्हटलं की लोकांना स्वयंपाक आणि शिवण आठवतं आणि तिथेच चूक होते.

मानव विकासात गर्भावस्थेपासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा वाढतो, बदलतो आणि त्यात कुटुंब, शाळा, गाव, गरिबी, जात, लिंगभेद यांचा हात किती असतो, याचा अभ्यास होतो. मानसशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेत जास्त रमतो, तर मानव विकासाच्या विद्यार्थ्याला बाहेर पडावं लागतं. बालवाडी, अंगणवाडी, विशेष मुलांची शाळा, वृद्धाश्रम अशा ठिकाणी जाऊन निरीक्षण करायचं, मुलांसाठी खेळ आणि गोष्टी तयार करायच्या, पालकांशी बोलायचं, हे सगळं अभ्यासक्रमाचाच भाग असतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा एक साधा प्रयोग इथे हमखास शिकवतात. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घ्या. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर एका ग्लासातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओता आणि विचारा, ‘‘जास्त पाणी कशात?’’ ते बहुधा उंच ग्लासाकडे बोट दाखवेल. सात-आठ वर्षांचं मूल मात्र ‘दोन्हीकडे सारखंच’ म्हणेल. धाकट्याला अक्कल कमी आहे असा याचा अर्थ नाही, तो जगाचा विचार वेगळ्या तऱ्हेने करतो. हे समजलेली शिक्षिका वर्गात कमी ओरडते आणि आईबाबांचाही त्रागा थोडा कमी होतो.

या विषयाची मुळं आपल्याकडे चांगली खोल आहेत. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं. हंसा मेहता तिथल्या पहिल्या कुलगुरू होत्या आणि त्यांनी गृहविज्ञानाला विद्यापीठात मानाची जागा मिळवून दिली. तिथला मानव विकास आणि कुटुंब अभ्यास विभाग आजही देशात नावाजलेला आहे. दिल्लीत १९३२ पासून लेडी आयर्विन कॉलेज आहे. मुंबईत महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या, आताच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात आणि निर्मला निकेतनच्या गृहविज्ञान महाविद्यालयात मानव विकास शिकता येतो.

मराठी वाचकांना तर हा विषय परका वाटायलाच नको. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, म्हणून या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

पुस्तकातलं मूल आणि आपल्या घरातलं मूल

या दोन्ही विषयांतली बरीचशी पाठ्यपुस्तकं अमेरिकेत किंवा युरोपात लिहिलेली आहेत. तिथलं मूल वेगळ्या खोलीत झोपतं, अठराव्या वर्षी घर सोडतं. आपल्याकडचं मूल आजीच्या कुशीत झोपतं आणि अठराव्या वर्षी त्याचं कॉलेजही घरचे मिळून ठरवतात. मग तिथले नियम इथे जसेच्या तसे लागू होतील का?

बडोद्याच्या अभ्यासक टी. एस. सरस्वती यांनी हाच प्रश्न किशोरवयाबद्दल विचारला. दहाव्या-बाराव्या वर्षापासून धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या, घरकाम करणाऱ्या आणि लवकर लग्न होणाऱ्या मुलीला ‘किशोरवय’ नावाचा वेगळा काळ खरोखर मिळतो का? शहरातल्या सुखवस्तू घरातल्या मुलाला तो मिळतो, पण तो सगळ्यांनाच मिळतो असं धरून चालता येत नाही. आपल्या आसपास पाहून पुस्तकाला असे प्रश्न विचारायला शिकवणारा शिक्षक भेटला, तर पदवीचं चीज झालं म्हणायचं.

कायदा काय म्हणतो?

आता पालकांच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दिलेलं आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने म्हणजे आरसीआयने मान्यता दिलेली पात्रता लागते. आजवरची रुळलेली वाट म्हणजे तीन वर्षं बी.ए., दोन वर्षं एम.ए. आणि मग रुग्णालयात देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करत दोन वर्षांचं एम.फिल. एकूण सात वर्षं. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांत या शेवटच्या टप्प्याच्या जागा थोड्या आणि अर्ज खूप असतात. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद होत असल्याने परिषद नवे अभ्यासक्रम आणते आहे. म्हणून ताईच्या वेळचे नियम गृहीत धरू नका, तुमच्या वर्षीचे नियम परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा.

समुपदेशन आणि इतर मानसशास्त्रीय कामांवर इतकी वर्षं फारसं नियंत्रण नव्हतं. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने मानसशास्त्रज्ञांचा समावेश आरोग्य व्यावसायिकांमध्ये केला. त्याचा एक परिणाम पुढे दिसला. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम चालवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवलं. तेव्हा ‘घरबसल्या मानसशास्त्राची पदवी’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या. ‘सहा आठवड्यांत थेरपिस्ट व्हा’ असल्या प्रमाणपत्रांच्या वाटेला तर जाऊच नका.

हे नियम जाचक वाटले तरी त्यामागचं कारण साधं आहे. ज्याला जगणं नकोसं झालंय असा माणूस समोर बसला आणि ऐकणाऱ्याला धोक्याची लक्षणं ओळखता आली नाहीत, तर जीव जाऊ शकतो.

गरज किती मोठी आहे

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे, आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

मागणी आता वाढते आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेली-मानस सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर कुणालाही फोन करून मोफत बोलता येतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असं त्यांत म्हटलं आहे. म्हणजे काम भरपूर आहे, पण ते पुरेसं शिकलेल्यांसाठी आहे.

पदवीनंतरच्या वाटा

सगळ्यांनीच थेरपिस्ट व्हायला हवं असंही नाही. या पदव्यांनंतर अनेक दारं उघडतात :

• शाळेतलं समुपदेशन : मानसशास्त्रात एम.ए. आणि सोबत समुपदेशनाचा मान्यताप्राप्त डिप्लोमा असेल तर चांगलं.

• विशेष शिक्षण : आरसीआय मान्यताप्राप्त बी.एड. किंवा डिप्लोमा केल्यास गतिमंद, स्वमग्न किंवा अध्ययन अक्षम मुलांसोबत काम करता येतं.

• बालशिक्षण : मानव विकासाच्या पदवीधरांना पूर्वप्राथमिक शाळा, पाळणाघरं, मुलांची पुस्तकं, खेळणी आणि कार्यक्रम तयार करणाऱ्या संस्थांत संधी असते.

• सामाजिक काम : बालहक्क, महिला सक्षमीकरण, व्यसनमुक्ती, ज्येष्ठांची सेवा या क्षेत्रांतल्या संस्था. पुढे एम.एस.डब्ल्यू. केल्यास फायदा होतो.

• कंपन्या : मनुष्यबळ विभाग, प्रशिक्षण, ग्राहकांच्या सवयींचा अभ्यास, अॅप वापरणाऱ्यांच्या अडचणी शोधणारं संशोधन. इथे प्रयोग आणि आकडेवारीचं शिक्षण कामी येतं.

• अध्यापन आणि संशोधन : एम.ए.नंतर नेट, सेट किंवा पीएच.डी.

नव्या धोरणानुसार अनेक विद्यापीठांत चौथं वर्ष करून ऑनर्स पदवीही घेता येते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील तर संशोधनासह ऑनर्स करण्याची संधी मिळते. पुढे परदेशात शिकायचं असेल किंवा संशोधनाची आवड असेल तर चौथ्या वर्षाचा विचार जरूर करा.

प्रवेशाआधी कॉलेजला विचारा

१. प्रवेश कसा मिळतो? बहुतेक ठिकाणी बी.ए.साठी बारावीची कुठलीही शाखा चालते. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी परीक्षा द्यावी लागते. काही गृहविज्ञान महाविद्यालयं फक्त मुलींसाठी आहेत, मुलांनी आधी चौकशी करावी.

२. मानसशास्त्र हा मुख्य विषय म्हणून तिन्ही वर्षं मिळेल का? की दुसऱ्या वर्षी पुरेसे विद्यार्थी नाहीत म्हणून तो बंद होतो?

३. प्रयोगशाळा आहे का? चाचण्यांचं साहित्य विद्यार्थ्यांच्या हातात येतं की कपाटात कुलूपबंद असतं? एक दिवस जाऊन स्वतः पाहा.

४. पूर्ण वेळ शिक्षक किती? दर वर्षी बदलणारे तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतील तर प्रॅक्टिकलचे हाल होतात.

५. बाहेरच्या संस्थांत काम करायला पाठवतात का आणि तिथे कुणाची देखरेख असते?

६. मागच्या तीन वर्षांतले विद्यार्थी पुढे कुठे गेले? माजी विद्यार्थ्यांशी फोनवर दहा मिनिटं बोललात, तरी माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

पालकांनी आणखी एक हिशोब मांडावा. मुलाला उपचारांच्या क्षेत्रातच जायचं असेल तर खर्च तीन वर्षांचा धरून चालणार नाही, सहा-सात वर्षांचा धरावा लागेल. तेवढी तयारी नसेल तर पदवीनंतर कमवत कमवत कुठला टप्पा गाठता येईल, हे आत्ताच बोलून घ्या. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हे बोलणं जड जातं.

मराठीतून शिकलं तर मागे पडू का?

महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत मानसशास्त्राची उत्तरं मराठीतून लिहिता येतात. पुढचं शिक्षण, संशोधन आणि नेटसारख्या परीक्षांसाठी मात्र इंग्रजी वाचन लागतंच. म्हणून मराठीतून शिकणाऱ्यांनी पहिल्या वर्षापासून रोज दोन पानं इंग्रजी पाठ्यपुस्तकाची वाचावीत. अवधान, बोधन, प्रबलन हे शब्द शिकताना त्यांचे इंग्रजी प्रतिशब्दही वहीत लिहून ठेवावेत.

पण मराठी चांगली येणं हे या क्षेत्रात भांडवल आहे. गावाकडून आलेली बाई ‘मला डिप्रेशन आहे’ असं सांगत नाही. ती म्हणते, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं जड पडतं’, ‘कशातच मन लागत नाही’. इंदूर, हैदराबाद किंवा बडोद्यात वाढलेला मराठी मुलगा कॉलेजात इंग्रजी, बाजारात तिथली भाषा आणि घरात मराठी बोलतो. रडू मात्र बहुतेकांना घरच्या भाषेतच येतं. ही भाषा समजणारा प्रशिक्षित माणूस मिळणं आज अवघड आहे.

हा विषय कुणी घ्यावा?

ज्याला माणसांबद्दल कुतूहल आहे, ऐकून घेण्याचा धीर आहे, आकड्यांची भीती घालवायची तयारी आहे आणि ‘मला वाटतं’च्या पुढे जाऊन ‘हे कशावरून?’ असं विचारायची सवय लावून घ्यायची आहे, त्याने जरूर घ्यावा. स्वतःच्या मनात मोठी उलथापालथ चालली आहे म्हणून कुणी हा विषय निवडत असेल, तर त्याने आधी किंवा सोबतच एखाद्या तज्ज्ञाची मदत घ्यावी. पाठ्यपुस्तक वाचून स्वतःवर उपचार होत नाहीत आणि मदत घेतली म्हणून कुणी या क्षेत्रासाठी अपात्रही ठरत नाही.

पुढच्या वेळी घरात कुणी म्हणालं, ‘‘मला सायकॉलॉजी घ्यायचंय,’’ तर थट्टा न करता वरचे सहा प्रश्न कागदावर लिहा आणि मुलाला घेऊन कॉलेजात जा. प्रयोगशाळा पाहा, शिक्षकांशी बोला, एखाद्या बालवाडीतही तासभर बसा. परत येताना मूल ग्लासातल्या पाण्याबद्दल बोलत असेल, तर अर्ज भरायला हरकत नाही.